रुक्मिणी : एका नामाची व्युत्पत्ती आणि अर्थ

वासनिकांच्या घरी कन्या जन्मास आली म्हणजे तिचे नाव काय ठेवावे आणि त्या नावाचा अर्थ काय, हे विचारण्यासाठी अनेक मंडळी आश्रमात येतात. अर्थ चांगला असला म्हणजे मूलही तसेच निपजते, अशी या विचारण्यामागे श्रद्धा असते. ही श्रद्धा कितपत खरी आहे, हे तपासण्यास ‘रुक्मिणी’ या नामाइतके उपयुक्त दुसरे नाम क्वचितच सापडेल. या नामाची व्युत्पत्ती निर्विवाद आहे. त्याचा इतिहास वेदकाळापासून मराठीच्या आजच्या बोलीपर्यंत सलग दाखवता येतो. शिवाय हेच नाम, याच अर्थाने, तिच्या सख्ख्या थोरल्या भावालाही होते. एकाच नामाच्या दोन धारकांची चरित्रे शेजारी ठेवून पाहण्याची अशी संधी इतरत्र मिळत नाही.

धातू आणि प्रत्यय

‘रुक्मिणी’ या शब्दाच्या मुळाशी ‘रुच्’ हा धातू आहे. धातुपाठात या धातूचे दोन अर्थ दिले आहेत : दीप्ती आणि अभिप्रीती, म्हणजे झळकणे आणि आवडणे. मराठीत दुसरा अर्थ अधिक रुळला. ‘मला हे रुचत नाही’ असे म्हणताना झळकण्याची कल्पना कोणाच्याही मनात येत नाही. संस्कृतात मात्र दोन्ही अर्थ शेवटपर्यंत नांदले. ‘रुचि’ म्हणजे कांती आणि ‘रुचि’ म्हणजे आवडही. ‘रोचन’ म्हणजे तेजस्वी आणि मनाला भावणाराही.

या धातूला ‘म’ हा प्रत्यय लागून ‘रुक्म’ हा शब्द सिद्ध होतो. प्रत्यय लागताना धातूतील ‘च’चा ‘क’ होतो. उणादिसूत्रांत ‘युज्’पासून युग्म, ‘तिज्’पासून तिग्म आणि ‘रुच्’पासून रुक्म हे तीन शब्द एकाच नियमाने सिद्ध केले आहेत. यावरून ‘रुक्म’चा मूळ अर्थ ‘जे झळकते ते’ असा ठरतो.

वेदात या शब्दाचा विशिष्ट उपयोग आहे. छातीवर झळकणाऱ्या सुवर्णाच्या अलंकारास तेथे ‘रुक्म’ म्हणतात, आणि असा अलंकार वक्षस्थळावर मिरवणाऱ्या मरुद्गणांना ऋग्वेदात ‘रुक्मवक्षस्’ हे विशेषण आले आहे. अग्निचयनाच्या विधीत यजमान सुवर्णाची जी वाटोळी चकती गळ्यात घालतो, तिलाही ‘रुक्म’ हेच नाव आहे. तिच्यावर २१ उंचवटे असावेत, असे विधान आहे. पुढे अलंकाराचे नाव त्याच्या धातूस लागले आणि अमरकोशात ‘रुक्म’ हा शब्द सुवर्णाच्या पर्यायांमध्ये जाऊन बसला.

‘रुक्म’ला ‘ते ज्याच्यापाशी आहे तो’ या अर्थाचा ‘इन्’ प्रत्यय लागला की ‘रुक्मिन्’ होतो. धनिन्, बलिन्, गुणिन् हे शब्द असेच बनले आहेत. ‘रुक्मिन्’चे पुल्लिंगी प्रथमेचे रूप ‘रुक्मी’ आणि त्याला स्त्रीप्रत्यय लागून झालेले रूप ‘रुक्मिणी’. शब्दातील ‘ण’ कोणत्याही निराळ्या प्रत्ययाचा नाही. ‘र’ अक्षर आधी आल्यामुळे आणि मध्ये केवळ स्वर, कवर्ग व पवर्ग यांतील वर्ण असल्यामुळे ‘न’चा ‘ण’ झाला आहे. तेव्हा ‘रुक्मिणी’चा शब्दार्थ ‘जिच्यापाशी सुवर्ण आहे ती’, ‘सुवर्णालंकार धारण करणारी’ एवढाच आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट. ‘रुच्’ धातूला आवडण्याचाही अर्थ आहे, म्हणून ‘रुक्मिणी’ म्हणजे ‘आवडती’ किंवा ‘प्रिया’ असा अर्थ काही ठिकाणी सांगितला जातो. तो गोड असला तरी ग्राह्य नाही. धातूचे सर्व अर्थ त्याच्यापासून झालेल्या प्रत्येक शब्दात उतरत नसतात. ‘रुक्म’ शब्दात केवळ दीप्तीचा अर्थ उतरला, प्रीतीचा उतरला नाही.

भीष्मकाच्या घरची सुवर्णनामे

हे नाम एकटे ठेवण्यात आलेले नाही. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील ५२ व्या अध्यायात विदर्भराज भीष्मकाच्या पाच पुत्रांची नावे दिली आहेत. थोरला रुक्मी, त्याच्यामागून रुक्मरथ, रुक्मबाहु, रुक्मकेश आणि रुक्ममाली. म्हणजे सुवर्णाचा धनी, सुवर्णरथाचा स्वामी, सुवर्णभूषित बाहूंचा, सोनेरी केसांचा आणि सुवर्णमाला घालणारा. या पाचांची भगिनी रुक्मिणी. महाभारताच्या उद्योगपर्वात तर खुद्द भीष्मकालाच ‘हिरण्यलोमा’, म्हणजे सोनेरी केसांचा, असे म्हटले आहे.

यावरून स्पष्ट होते की सुवर्ण हे या राजघराण्याचे नामचिन्ह होते. कन्येच्या ठिकाणी कोणता गुण दिसला म्हणून तिला हे नाव मिळाले नाही. ते तिच्या वडिलांच्या घराचे नाव होते. वैदर्भी आणि भैष्मी ही तिची दुसरी दोन नावेही अशीच आहेत. एक देशावरून आले, दुसरे पित्यावरून. तिन्ही नावे ती कोठली व कोणाची हे सांगतात. ती कशी होती हे त्यांपैकी एकही सांगत नाही.

पुढच्या पिढ्यांतही हा प्रघात चालू राहिला. रुक्मीच्या कन्येचे नाव रुक्मवती. तिचा विवाह रुक्मिणीचा पुत्र प्रद्युम्न याच्याशी झाला. रुक्मीच्या नातीचे नाव रोचना. तिचा विवाह अनिरुद्धाशी झाला. ‘रोचना’ हे नामही ‘रुच्’ धातूचेच आहे. तीन पिढ्यांतील मुलींची नावे एकाच धातूतून काढण्याइतका हा कुळाचा अभिमान दृढ होता.

एक नाम, दोन चरित्रे

रुक्मी आणि रुक्मिणी ही दोन नामे व्याकरणदृष्ट्या एकच आहेत. भेद केवळ लिंगाचा. नामाच्या अर्थाने मनुष्याचा स्वभाव घडत असता, तर या बहीणभावांचे चरित्र एकसारखे व्हावयास हवे होते.

रुक्मीने आपले नाव अक्षरशः पाळले. कुळ, सत्ता आणि वैभव हीच त्याची मोजमापे होती. गोपाळांत वाढलेल्या श्रीकृष्णमहाराजांना बहीण देणे त्याला कमीपणाचे वाटले. पिता व बंधू यांची इच्छा डावलून त्याने चेदिराज शिशुपालाशी तिचा विवाह ठरवला. हरणानंतर तो पाठलागास निघाला तो श्रीकृष्णास मारल्याशिवाय व बहिणीस परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून. तो हरला, त्याचे केस व दाढीमिशा कापून त्याला विद्रूप करण्यात आले, आणि त्याला भोजकट येथे नवे नगर वसवून राहावे लागले.

त्याचा अंत ६१ व्या अध्यायात आहे. अनिरुद्ध व रोचना यांच्या विवाहानंतर भोजकटात बलरामांबरोबर द्यूत मांडले गेले. शंभर, सहस्र, दहा सहस्र असे पण लागत गेले. टीकाकार हा पण सुवर्णनाण्यांचा सांगतात. हरलेला डाव आपणच जिंकला असे रुक्मी म्हणू लागला, त्याने यादवांना गुराखी म्हणून हिणवले आणि त्याच जागी तो बलरामांच्या हातून मारला गेला. ज्याच्या नावात सुवर्ण होते, त्याचा शेवट सुवर्णाच्या पणावर खोटे बोलताना झाला.

रुक्मिणीचे चरित्र याच घरात सुरू होते. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून श्रीकृष्णमहाराजांचे गुण ऐकून तिने मनाने वर निवडला होता. भावाने निर्णय फिरवला तेव्हा तिने एका ब्राह्मणाला द्वारकेस पाठवले. मूळ भागवतात या ब्राह्मणाला नाव नाही. मराठी आख्यानांतून प्रसिद्ध असलेले ‘सुदेव’ हे नाव नंतरचे आहे. तिच्या निरोपाचे ७ श्लोक आहेत. त्यांत विनवणी आहे, तशीच स्पष्ट योजनाही आहे. विवाहाच्या आदल्या दिवशी कुळाचाराप्रमाणे वधू नगराबाहेर अंबिकेच्या दर्शनास जाते, तेथून न्यावे, म्हणजे अंतःपुरातील आप्तांचा वध करावा लागणार नाही, असे ती सांगते. एवढे बिकट क्षण समोर असताना घरच्यांच्या जिवाची काळजी तिने सोडलेली नाही. पुढे रुक्मी पराभूत होऊन समोर उभा राहिला तेव्हा त्याच्या प्राणांसाठी पाया पडणारीही तीच होती.

सुवर्णवती आणि निष्किंचन

या नामाचा खरा कस ६० व्या अध्यायात लागतो. द्वारकेतील वैभवसंपन्न महालात श्रीकृष्णमहाराज रुक्मिणीची थट्टा करतात. मोठमोठे राजे तुझी इच्छा करीत असता तू त्यांना सोडून आमच्यासारख्यास का वरलेस, असे ते विचारतात. आपण निष्किंचन आहोत, ज्यांच्यापाशी काही नाही अशांनाच आपण प्रिय आहोत, धनवान लोक सहसा आपल्याला भजत नाहीत, असे ते म्हणतात. अजूनही एखादा योग्य क्षत्रिय निवडावा, असेही सुचवतात.

थट्टेतील ‘निष्किंचन’ हा शब्द सहज आलेला नाही. रुक्मिणी म्हणजे जिच्यापाशी सुवर्ण आहे ती. निष्किंचन म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही तो. तिच्या नामाच्या नेमका विरुद्ध अर्थाचा शब्द तिच्यापुढे ठेवून तिची परीक्षा पाहिली आहे. ती ऐकताच तिच्या हातातील चवरी गळून पडते, हातांतील कंकणे सैल होतात आणि ती मूर्च्छित होते. सावध झाल्यावर ती जे उत्तर देते, त्यात ती हा शब्द नाकारीत नाही. ज्यांच्यावाचून दुसरे काही नाहीच, त्यांच्यापाशी ‘काही’ असणार कसे, असा अर्थ ती त्यातून काढते. धनाने आंधळे झालेल्यांना हे दिसत नाही, असेही ती सांगते. आपल्या पित्याच्या व भावाच्या घरची दृष्टी कोणती होती, हे तिला पुरते ठाऊक होते.

लोकांनीही या नामाचा असाच अर्थ लावला. सत्यभामेने तराजूत सुवर्ण घातले तरी श्रीकृष्णांचे पारडे वर उचलले नाही, आणि रुक्मिणीने तुळशीचे एक पान ठेवताच ते उचलले गेले, ही कथा कीर्तनांतून घरोघर पोहोचलेली आहे. भागवतात ती नाही, त्यामुळे शास्त्रप्रमाण म्हणून ती घेता येणार नाही. परंतु सुवर्ण हे जिचे नाव, तिच्याच हातून सुवर्णाची किंमत उतरावी, असे सामान्य जनांना वाटले, याची ती साक्ष आहे.

रुप्पिणी आणि रखुमाई

संस्कृतातून प्राकृतात येताना ‘क्म’ या जोडाक्षराचा ‘प्प’ झाला आणि ‘रुक्मिणी’चे ‘रुप्पिणी’ झाले. १२ व्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात हे उदाहरण दिले आहे. ही परंपरा मराठीत अखंड उतरली असती, तर आज हे नाव ‘रुपिणी’सारखे काही ऐकू आले असते. तसे झाले नाही. मराठी ‘रुपे’, म्हणजे चांदी, हा शब्द ‘रूप्य’पासून आला आहे; ‘रुक्म’शी त्याचा संबंध केवळ ध्वनिसाम्यावरून जोडू नये.

मराठीने हे नाव संस्कृतातून पुन्हा उचलले आणि आपल्या उच्चारास साजेसे केले. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घातला : रुकुमिणी, रुखुमिणी. ‘क’चा ‘ख’ झाला, पहिला ‘उ’ शिथिल होऊन ‘अ’ झाला, आणि पुढे ‘आई’ हे आदराचे पद लागून ‘रखुमाई’ हे रूप सिद्ध झाले. रुक्माई, रखमा, रखमाबाई ही त्याचीच भावंडे होत. ‘रखमाजी’ या पुरुषनामातही हेच नाम आहे. गुजरातेत ‘रुखमणी’ असा उच्चार रूढ झाला. ज्ञानदेवांच्या मातेचे नाव रुक्मिणी, तुकारामांच्या पहिल्या पत्नीचे नाव रखुमाबाई. एकच नाम दोन शतकांत दोन घरी दोन रूपांनी दिसते.

‘रखुमाई’तील ‘आई’ लीळाचरित्राच्या वाचकांस अपरिचित नाही. महदाइसा, देमाइसा, उमाइसा या नामांच्या शेवटी हेच पद ‘सा’ या आदरवाचकासह आले आहे. राजकन्येचे नाव आणि स्वामींच्या परिवारातील भक्तजनांची नावे मराठीने एकाच आदराने उच्चारली.

यामुळे ‘रखुमाई’ हे ‘रुक्मिणी’चे बिघडलेले रूप आहे, असे मानणे योग्य नाही. श्रीनागदेवाचार्यांनी केशवराज सूरींना संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केले, त्याचे कारण स्मृतिस्थळात नमूद आहे : तसे झाल्यास साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. ज्या पंथाने भाषेचा विचार अशा स्त्रियांच्या बाजूने केला, त्याने त्यांच्या तोंडचे नाम हीन लेखू नये.

पंथीय वाङ्मयात हे नाम

मराठीच्या आद्य कवयित्रीचा विषय रुक्मिणीच होता. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगाच्या निमित्ताने महदाइसेने ‘धवळे’ गाइले, त्यात रुक्मिणीच्या विवाहाचे आख्यान आहे. तिच्या नावावरील ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ हे दुसरे काव्यही त्याच कथेवर आहे. ‘धवळा’ म्हणजे विवाहात वरासाठी गाइले जाणारे गीत; ‘धवल’ म्हणजे शुभ्र, उज्ज्वल. ऋद्धिपूर आणि रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे वर्धाकाठचे कौंडिण्यपूर, ही दोन्ही स्थळे आज अमरावती जिल्ह्यातच आहेत. महदाइसेने त्याच मुलखातील लेकीचे लग्न गाइले.

सातीग्रंथांपैकी ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे कवी नरेंद्राचे काव्य शके १२१४ च्या (इ.स. १२९२) सुमाराचे मानले जाते. त्याची हकीगत प्रसिद्ध आहे. यादवराजा रामदेवराव याला हे काव्य इतके आवडले की त्यावर आपले नाव असावे, असे त्याला वाटले, आणि त्याबद्दल ओवीगणिक सोने देण्याची त्याने तयारी दाखवली. नरेंद्राने नकार दिला. असे केल्यास कवींच्या कुळाला दूषण लागेल, असे त्याचे म्हणणे होते. ग्रंथ राजाकडे राहिला. नरेंद्राने व त्याच्या बंधूंनी आठवणीतून उतरवलेल्या सुमारे नऊशे ओव्या पंथापर्यंत पोहोचल्या. रुक्मिणीचे काव्य लिहिणाऱ्याला सुवर्ण आणि नाम यांतून एकाची निवड करावी लागली आणि त्याने नाम राखले. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

पुढे शके १४९३ मध्ये (इ.स. १५७१) एकनाथांनीही ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. विवाह जुळावा म्हणून उपवर मुली त्याचे पारायण करतात. या पारायणात एक गोष्ट विसरली जाते. रुक्मिणीचा विवाह तर ठरलेलाच होता. वर राजा होता, वऱ्हाड दारी आले होते. तिने मागितले ते केवळ लग्न नव्हते. आपण निवडलेल्याशीच आपले लग्न व्हावे, एवढे तिचे मागणे होते.

नामाचा पुढील प्रवास

संस्कृतात स्त्रीच्या नामावरून तिच्या अपत्यास नाव देता येते : कुंतीचा पुत्र कौंतेय, राधेचा राधेय. त्याच नियमाने प्रद्युम्न ‘रौक्मिणेय’ झाला. भीष्मकाच्या घराने कन्येस दिलेले नाव आता तिच्यावरून तिच्या पुत्रास मिळाले. रुक्मीपासून निघालेले असे कोणतेही नाम लोकांच्या ओठी राहिले नाही. मुलींना ‘रुक्मिणी’ नाव ठेवणारी घरे पिढ्यानुपिढ्या झाली. आवडीने मुलाला ‘रुक्मी’ म्हणणारे घर शोधावे लागेल. अर्थ तर दोन्हींचा एकच आहे.

अर्वाचीन काळात याच नामाच्या एका धारकाची आठवण या संदर्भात करणे उचित ठरेल. मुंबईच्या रखमाबाई (१८६४–१९५५) यांचा विवाह त्या ११ वर्षांच्या असताना झाला होता. त्यांनी पतीच्या घरी नांदण्यास जावे, असा दावा १८८४ मध्ये त्यांच्यावर झाला. त्यांनी १८८५ मध्ये एका इंग्रजी दैनिकात टोपणनावाने पत्रे लिहून बालविवाहाने स्त्रियांचे काय होते ते मांडले. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जावे अन्यथा ६ महिने कारावास भोगावा असा निकाल दिला, तेव्हा कारावास पत्करू, असे त्यांनी कळवले. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे इंग्लंडला जाऊन त्या १८९४ मध्ये वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. एका रुक्मिणीने पत्र पाठवून वर निवडला. दुसरीने पत्रे लिहून न निवडलेला संसार नाकारला. दोघींच्या मागण्या परस्परविरुद्ध दिसल्या तरी मुळात एकच आहेत.

तात्पर्य

नामाच्या अर्थाने मनुष्य घडतो, ही श्रद्धा रुक्मी-रुक्मिणीच्या उदाहरणापुढे टिकत नाही. नाम आईबाप देतात आणि ते देताना आपल्या घरचे सोने त्यात घालतात. मूल त्याचे काय करील हे त्या नामात लिहिलेले नसते. म्हणून नामाचा अर्थ विचारण्यास येणाऱ्यांस कोशातला अर्थ जरूर सांगावा, पण तेथेच थांबू नये. परमेश्वराच्या नामात तारण्याचे सामर्थ्य आहे, म्हणून त्याचे स्मरण विहित आहे. जीवाच्या नामात तसे सामर्थ्य नाही. जीव आचरील तेवढाच त्याच्या नामाला अर्थ.

कन्येचे नाव रुक्मिणी ठेवावे, रखुमाई ठेवावे अथवा दुसरे काही ठेवावे. मात्र ते ठेवणाऱ्या घराने एवढे ध्यानात ठेवावे की ती पुढे काही निवडू लागेल, तेव्हा तिच्या निरोपासाठी दूर देशीचा ब्राह्मण धुंडाळण्याची पाळी तिच्यावर येऊ नये. भीष्मकाच्या घरी सोने विपुल होते. मुलीचे ऐकून घेणारा मात्र तिला घराबाहेर शोधावा लागला.